शून्य गोलची पैज

कळसाडीत माझ्या वयाच्या माणसाने टीव्हीसमोर मांडी घालून फुटबॉलचा गेम खेळणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. पण मी वेडा नव्हतो, मुलीचा बाप होतो. म्हसावदचं एक चांगलं स्थळ रविवारी तिला बघायला येणार होतं आणि तिच्या हातात बंगळुरूच्या नोकरीचं पत्र होतं. भांडून भांडून दोघांचेही घसे बसले, तेव्हा तिनेच पैज लावली. शनिवार संध्याकाळपर्यंत एका अख्ख्या मॅचमध्ये तिला एकही गोल करू द्यायचा नाही. जमलं तर ती मुकाट्याने पाहुण्यांसमोर बसेल, नाही जमलं तर बंगळुरू.

मी लगेच हो म्हणालो. शाळेत असताना मी तालुक्याच्या कबड्डी संघात होतो. समोरच्याला अडवणं आपल्याला कोणी शिकवू नये, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच मॅचमध्ये तिने माझ्यावर सात गोल चढवले. कबड्डीत चढाईला कोणी आला की सगळ्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचं, हे अंगात मुरलेलं. चेंडू दिसला की मी झेप घ्यायचं बटण दाबायचो, लगेच दुसरा खेळाडू हाती घेऊन त्यालाही तिथेच पळवायचो. तोवर चेंडू भलतीकडे, माझे दोघे एकमेकांच्या अंगावर आडवे आणि गोलकीपर बिचारा एकटा.

"आबा, तुम्हीन धराले येतस अन् मी निंघी जास," मुलगी हसून हसून लोळायची बाकी होती.

मग मी हट्टालाच पेटलो. बियाण्याच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिच्या चाली लिहून काढल्या. उजव्या कडेने पळते, थांबल्यासारखं करते, मग चेंडू मध्ये देते. उसाला पाणी सोडून बांधावर बसून मी त्या पाठ करायचो. शेजारच्या शेतकऱ्याने डोकावून विचारलं, तर माती तपासणीचा अहवाल आहे म्हणून ठोकून दिलं. इतकं करूनही गोल चारच्या खाली येईनात.

गुरुवारी बायको स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता माझी फजिती बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"ढोर कपाशीमा घुसनं तं तेना मांगे पयतस का? वाट धरीसन उभं ऱ्हावा. ते आपोआप थांबस."

कंट्रोलरच्या मागच्या बाजूला अगदी त्याच कामाचं बटण होतं. ते दाबून धरलं की आपला खेळाडू झेपावत नाही, समोरच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरकतो. मुलीने ते मला दहादा दाखवलं होतं, पण धीर धरेल तो मी कसला! "तूच करून दाखव मग," असं मी चिडून म्हणालो आणि बायको पिठाचे हात पदराला पुसून खरंच येऊन बसली. अर्ध्या तासात मुलीचं हसणं बंद झालं.

शनिवारी मी निर्लज्जपणे बायकोला पुढे केलं. मुलगीही तयार झाली. मी बाजूला कॅलेंडर घेऊन बसलो आणि चाली ओरडून सांगू लागलो. बायकोने त्यातली एकही ऐकली नसावी. ती नुसती वाट धरून उभी राहत होती आणि मुलीला आत शिरायला जागा मिळत नव्हती.

शेवटचं मिनिट, शून्य-शून्य. म्हसावदच्या पाहुण्यांना जेवायला काय करायचं हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मुलगी उजवीकडून आली, थांबली. बायकोचा शेवटचा खेळाडू नेमका तिच्यासमोर उभा होता. बायकोने त्याला शांतपणे बाजूला नेलं. चुकून नव्हे, मी तिचा अंगठा पाहत होतो. गोल झाला.

"अवं, हाई काय कयं तू?" मी ओरडलो.

तिने कंट्रोलर खाली ठेवला. "मीबी नर्सिंगना फारम भरेल व्हता. मन्हा बाप वाट धरीसन उभा व्हता. हालनाच नही."

सव्वीस वर्षांच्या संसारात ती हे पहिल्यांदा बोलली. मी कधी विचारलंच नव्हतं, याची मला फार लाज वाटली. तेव्हा तिला बघायला आलेलं स्थळ मीच होतो.