सलवाचं पहिलं मत

सिंगापुरात पासिर रिसला आमच्या समोरच्या दारात सलवा राहते. मूळची ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरातली. फ्रान्सला शिकायला गेली, तिथे हाफिझ या सिंगापूरच्या मलय मुलाशी लग्न केलं आणि इकडे आली. घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. आमची अनघा तिच्याकडेच शिकली. हाफिझ समुद्रातल्या तेलविहिरींवर कामाला, महिना महिना घरी नसतो. म्हणून २०११ साली सलवाला सातवा महिना लागला, तेव्हा तिचं डोहाळजेवण मीच करायचं ठरवलं. दिवाळीआधीचा शनिवार धरला. फुलांचे दागिने सांगून ठेवले.

एका संध्याकाळी तिला वाट्यांचा खेळ समजावत होते. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, तिने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

ती खो खो हसली. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण 'ताई' तिने आमच्या बायकांकडून उचललं होतं. "साधनाताई, आमच्या निवडणुका अशाच व्हायच्या. फक्त दोन्ही वाट्यांत पेढाच असायचा!"

मग म्हणाली, "पण शनिवारी नाही जमणार. परदेशातल्यांचं मतदान शनिवारी संपतंय. इथून जवळचं केंद्र जकार्ताला आहे. शुक्रवारी डॉक्टर तपासतील, हो म्हणाले तर जाणार."

"वेड लागलंय का तुला? अशा दिवसांत विमान? एका मताने काय फरक पडणार आहे?"

"बाबा दर निवडणुकीला मत द्यायला जायचे. निकाल आधीच ठरलेला, नव्व्याण्णव टक्के. परत आले की दिवसभर आईशीही बोलायचे नाहीत. आता तो हुकूमशहा देश सोडून पळाला. त्यासाठी पोरं मेली, ताई. नवा कायदा आलाय, उमेदवारांच्या प्रत्येक यादीत एक पुरुष, एक बाई, पुन्हा एक पुरुष. आणि मी इथे फुलं माळून बसू?"

अनघा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "शी विल बी फाइन लाह! एवढी काळजी वाटते तर तूच जा ना सोबत, आई."

तिने टोमणा मारला होता. शुक्रवारी डॉक्टर हो म्हणाले आणि मी खरंच गेले.

जकार्तातल्या ट्युनिशियाच्या वकिलातीच्या आवारात ऊन रणरणत होतं. रांगेत विद्यार्थी, व्यापारी, जीन्समधली एक मुलगी, तिच्यामागे हिजाबमधली दुसरी. सलवाला बघून एका अधिकाऱ्याने तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, "नको. मला रांगेत उभं राहायचंय."

"अगं, पाय बघ किती सुजलेत!" मी मराठीतच ओरडले. तिने चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि रांगेतच राहिली.

शेवटी आत गेली. तिच्यामागून गेलेले लोक निळी बोटं दाखवत बाहेर आले. ती येईना. नाही नाही ते मनात येऊ लागलं. मी दाराशी धावले, तर पहारेकऱ्याने अडवलं.

"आत माझी मुलगी आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आत सोबत कुणालाच जाता येत नाही, मॅडम. नवऱ्यालासुद्धा नाही."

आणि ती आली. बोट निळं, डोळे लाल.

"काय झालं? दुखतंय का?"

"नाही गं ताई. मत केव्हाच देऊन झालं."

"मग इतका वेळ?"

"पडद्यामागे कुणी नव्हतं. खांद्यावरून बघायलाही कुणी नाही. मला खरं वाटेना, म्हणून थोडी उभी राहिले. पण कुणी आलंच नाही."

कोथरूडच्या शाळेत मी कितीदा मत दिलं असेल. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे आपण एकटे असतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिचा दंड धरायला मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला. चपलांचं तिला भानच नव्हतं. तापलेल्या फरशीवरून अनवाणी, पोट सांभाळत, ती फाटकाकडे चालत निघाली आणि तिच्या चपला हातात घेऊन मी तिच्या मागून.