लिंबोणीजवळचं अर्थिंग

माझी धाकटी बहीण गेल्यापासून वडिलांनी बोलणं जवळपास टाकलंच होतं. जाफराबादच्या आमच्या घरात ते दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. बहिणीचं सासर घनसावंगीकडे. बाळंतपणात अचानक बिघडलं, निरोप आला, आणि जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला एसट्या बदलत आई पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. "लेकीच्या तोंडात पाणीबी घालता आलं न्हाई," हे ती येईल त्या माणसाला सांगायची. मला ते ऐकवत नसे. कधी कधी तर चक्क रागच यायचा.

बहिणीच्या हातची म्हणून घरात एकच जिवंत गोष्ट उरली होती, न्हाणीमागची लिंबोणी. लग्नाआधी तिनं लावलेली. टँकर न येण्याच्या दिवसांत आई ओल्या फडक्यानं अंग पुसून भागवायची, पण झाडाचं पाणी चुकवायची नाही.

मी शाळेत शिकवत होते, घरात कमावती मीच. वडिलांचं तोंड भिंतीकडून वळावं म्हणून मी डिश बसवायचं ठरवलं. ते जाळीच्या मोठाल्या डिशांचे दिवस होते. जालन्याहून फिटर आला. गच्चीवर खांब उभारून त्यानं डिश चढवली आणि मग अंगणात उतरून जमीन न्याहाळत फिरू लागला.

"ताई, आता अर्थिंग. माघं एकाच्या डिशवर वीज पडल्ती, टीव्ही पार जळून गेल्ता. ओल कुठं असती तुमच्याकडं?"

ओल! आमच्या अंगणात कुदळ मारली की ठिणगी उडायची. ओल होती ती फक्त न्हाणीमागे, लिंबोणीच्या जवळ.

"तिथं नको," मी म्हटलं.

"मुळाला धक्का लावत न्हाई, जरा बाजूनं घेतो. कोरड्यात अर्थिंग बराबर लागणार न्हाई, ताई."

मी आईकडे पाहिलं. ती दारातून आत खाटेकडे बघत होती. "खोदा," ती म्हणाली.

त्यानं खड्डा घेतला, तांब्याची पट्टी पुरली, तिच्याभोवती कोळसा आणि खडेमीठ थरावर थर घातलं. पाणी ओतायला पाइपाचं तोंड वर ठेवलं आणि गच्चीवरच्या खांबापासून तार आणून पट्टीला जोडली. जाताना आईला बजावलं, "मावशी, रोज ह्याच्यात घागरभर पाणी टाकत जा. उन्हाळ्यात बिलकुल विसरू नका."

"मंग तर बरंच झालं," आई म्हणाली. "झाडालाबी मिळंल." कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

वडील खरंच वळले. टीव्हीवर काय लागलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पाण्यातले मासे दाखवत असले तरी टक लावून बसायचे. पण भिंत सुटली. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटून घेतली.

ऊन चढलं तशी लिंबोणीची पानं कडेनं करपायला लागली. "तहान लागलीय तिला," म्हणत आईनं पाइपात ओतायच्या घागरी वाढवल्या. पानं गळायला लागली तशी ती आणखी ओतू लागली. कुणाकडे कधी मीठमिरची न मागितलेली माझी आई दारोदार पाणी मागत फिरली. मलाही वाटलं, हा उन्हाळाच मेला वाईट आहे. फांद्या वाळल्या, खोडाची साल सुटली.

एका दुपारी शाळेतून आले तेव्हा झाडाच्या बुडाशी मातीवर पांढरट पापुद्रा दिसला. चिमटीत घेऊन जिभेवर ठेवला. मीठ होतं. खड्ड्यातलं मीठ रोजच्या पाण्यात विरघळून मुळांपर्यंत जात होतं. आई जितकं पाजत होती तितकं ते झाड मरत होतं. फांदीला हात लावला तर ती कडकन मोडली. आता कुणाला काही सांगून उपयोग नव्हता.

आई घागर घेऊन आली. माझे डोळे बघून ती जवळ टेकली.

"मीच कमी पडले गं," ती म्हणाली. "तिच्या तोंडात माझ्या हातचं पाणी गेलं न्हाई, अन् हिलाबी पुरलं न्हाई."

कमी नाही पडलं आई, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण मग पुढे काय सांगणार होते? तुझ्याच पाण्यानं मेलं म्हणून? ती असेपर्यंत तिला ते सांगितलंच नाही.

आतून टीव्हीचा आवाज येत होता. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, घागर उचलली आणि पाइपाच्या तोंडात हळूहळू रिकामी केली.

"खड्ड्यात तरी टाकते," ती म्हणाली. "न्हाई तर ह्यांचा टीव्ही जळंल."