स्वखुशीने सोडलेली जागा

कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीतल्या माणसाने माझी फाइल उघडली, जातीचा दाखला पाहिला आणि फाइल परत माझ्याकडे ढकलली.

"तुमची खिडकी ती तिकडे," तो म्हणाला.

मी म्हटलं, माझं नाव खुल्या यादीत आहे, बाहेर फळ्यावर लागलंय. त्याने यादी ओढली, बोट फिरवलं. बोट माझ्या नावावर थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा नावाकडे बघितलं आणि मागच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली.

"अरे, ही बघ. एसटी, आणि ओपनमध्ये आलीये."

दोघं हसले. एकाने माझी गुणपत्रिका उजेडात धरली, नोट खोटी आहे का बघतात तशी. मागे रांग होती. मुलं आणि त्यांचे आईबाप बघत होते. गुन्हा केल्यासारखी मी मान खाली घातली. शेजारी आई उभी होती, ठेवणीतली साडी नेसून. तिला वाटलं, मार्क बघून साहेब खूश झाले. तीही हसली. तिचं ते हसू मला आजही सहन होत नाही.

आमच्याबरोबर बाई होत्या. आगाशीच्या वाडीवाल्या बाई. ज्युनियर कॉलेजात शिकवायच्या. त्यांच्या वाडीत आई मोगऱ्याच्या कळ्या खुडायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. आम्ही मल्हार कोळी, आदिवासी. गासच्या पलीकडे आमचा पाडा. रेशनकार्ड असो, बँकेचा कागद असो, पाड्यावरचं सगळं लिहिणं बाईंकडे. बाई लिहायच्या, आमची माणसं सही करायची. त्यांच्यासमोर कागद वाचत उभं राहायचं नाही, अशी आमच्याकडे रीतच. तो अविश्वास झाला असता.

आठवीपासून बाईंनी मला आणि सुरेखाला फुकट शिकवलं. सुरेखा माझ्या शेजारच्या घरातली. आम्ही ओटीच्या पायरीवर, बाई खुर्चीत. पाणी मिळायचं, पण आमचे दोन पेले बाहेर कठड्यावर उपडे घातलेले असायचे. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. शिकवायच्या मात्र जीव तोडून. खोटं कशाला बोलू?

मुंबईतल्या या कॉलेजची प्रवेश परीक्षा त्यांनीच द्यायला लावली. मी, सुरेखा आणि बाईंची भाची. तिघींनी दिली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मोजक्या जागा. मी खुल्या यादीत आले. भाची खुल्या गटाच्या प्रतीक्षा यादीत पहिली. सुरेखा आदिवासींच्या प्रतीक्षा यादीत पहिली. आम्ही फक्त आपापलं नाव शोधलं. तिन्ही नावं एकत्र बाईंनी पाहिली.

खिडकीपासून बाईंनी मला बाजूला नेलं, बाकावर बसवलं. त्यांनी त्या माणसाला काही सुनवावं असं मला वाटत होतं. त्या सुनवणार याची मला खात्री होती. त्यांनी पर्समधून कोरा कागद काढला.

"हे बघ, तुझी हक्काची जागा आहेच. मग दुसऱ्याची कशाला अडवायची?" त्या म्हणाल्या. "लोक उगाच तोंडावर बोलणार. त्यापेक्षा मानाने आपल्या जागेवर जा."

त्यांनी अर्ज लिहिला. मोत्यासारखं अक्षर. तेच अक्षर त्यांनी मला गिरवायला लावलं होतं. 'मी स्वखुशीने खुल्या गटातील जागा सोडत असून राखीव जागेवर प्रवेश घेऊ इच्छिते.' खाली माझी सही. पालक म्हणून आईची.

"बाईंनी लिवलंय ना, मग आनखी काय बघायचं," आई म्हणाली.

आईने वाचलं नाही. तिला जेमतेम सही येते. मी वाचलं. शब्दन् शब्द वाचला. आणि सही केली. बाईंना मी गुणी मुलगी वाटावी, म्हणून केली. हे लिहायलाच हवं.

सुरेखाला जागा मिळाली नाही. पाड्यावर मला तिने मिठी मारली. "तू तरी गेलीस," म्हणाली. पावसाळा संपायच्या आत ती वसई पूर्वेला एका गाळ्यात पॅकिंगला लागली.

कॉलेजात प्रॅक्टिकलच्या बॅचा प्रवेशाच्या यादीप्रमाणे पडल्या. आम्ही राखीव सगळे शेवटच्या बॅचमध्ये. सर पहिल्याच दिवशी म्हणाले, या बॅचला जरा सावकाश घ्यावं लागेल. बाईंची भाची पहिल्या बॅचमध्ये होती. एकदा कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, "तुमचं बरं असतं, जागा राखून ठेवलेली असते." मैत्रिणी हसल्या. मीही हसले. अगदी आईसारखी.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी प्रवेशाच्या कागदाची प्रत हवी होती. ऑफिसातल्या एका वयस्क बाईंनी माझी फाइल काढली. त्यांनी अर्ज वाचला, मार्क बघितले. चष्मा काढून विचारलं, "हे कोणी लिहून घेतलं तुझ्याकडून?"

मग त्यांनीच समजावलं. मार्कांवर खुल्या यादीत आलेला आदिवासी मुलगा खुल्याच जागेवर बसतो. त्याच्यामुळे राखीव जागा कमी होत नाही. त्या वर्षी आदिवासींची शेवटची एक जागा उरली होती, ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जायची होती. त्या जागेवर तू बसलीस. आणि तू सोडलेल्या जागेवर खुल्या प्रतीक्षा यादीतली पहिली आली. फाइलमध्ये दोन्ही नावं होती. सुरेखाचं नाव लाल पेनने खोडलेलं.

आमच्या बाईंना हा नियम माहीत नव्हता, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण त्या स्वतःच्या कॉलेजात प्रवेश समितीवर होत्या. दरवर्षी त्या हेच काम करायच्या. एका कागदात त्यांनी भाचीला आत घेतलं, मला खाली सरकवलं आणि सुरेखाला बाहेर काढलं. तेही आमच्याच सहीने. खिडकीतला माणूस परका होता. त्याचं हसणं मी विसरले असते. बाईंना मी देव्हाऱ्यात बसवलं होतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा आगाशीला सत्कार होता. बाईंनी घडवलेली आदिवासी मुलगी म्हणून मला बोलायला बोलावलं. आईने पहाटे खुडलेल्या कळ्यांचा गजरा आणला होता. मी माइकसमोर उभी राहिले. भाषण केलं नाही. अर्जाची झेरॉक्स काढली आणि वाचली. मग तिन्ही याद्यांतली तिन्ही नावं वाचली.

"मी तुझं भलंच केलं गं," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "शिकलीस ना तू?"

"शिकले. म्हणूनच वाचतेय," मी म्हटलं आणि खाली उतरले. त्यांच्या पाया पडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना चारचौघांत उघडं पाडलं म्हणून. नवव्या दिवशी तिने एकच विचारलं, "सुरेखाला सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. तिचं लग्न होऊन ती नालासोपाऱ्यात राहते. तिच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली.

"तू वाचलं होतंस?" तिने विचारलं.

"हो."

मी तिच्यासाठी बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म नेला होता. तिने तो हातात घेतला नाही. मला माफ केलंय, असं ती आजवर म्हणालेली नाही. तिने म्हणू नये.

आता निकाल लागले की मी पाड्यावरच्या समाजमंदिरात सतरंजी टाकून बसते. आमच्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची मुलं फॉर्म घेऊन येतात. यंदा एक मुलगी आली. खुल्या यादीत नाव होतं तिचं. सोबत एक छापील कागद. तिच्या सरांनी दिलेला, फक्त सही करायची. सर म्हणाले होते, तुमची जागा आहेच की. मी तिला तो कागद मोठ्याने वाचायला लावला, सगळ्यांसमोर, दोनदा. मग तिच्याच हाताने फाडायला लावला. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर खिडकीवर गेले. तिथला माणूस म्हणाला, तुमची खिडकी तिकडे आहे. आम्ही हललो नाही. फाइल जमा करून, पावती घेऊनच निघालो.

ज्या यादीत मार्कांनी नाव आलंय, तिथून ते आता कोणाच्या सुंदर अक्षराने हलणार नाही. मी जिवंत आहे तोवर आमच्या पाड्यावरून तरी नाही. पोरं मला विचारतात, सुरेखामावशीची जागा कोणी खाल्ली? मी दोन नावं सांगते. त्यातलं एक बाईंचं, दुसरं माझं असतं.