नसरीनचं रणसंगीत

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. 'आपल्या संगणक शिक्षिका नसरीन मॅडम यांचे हृदयविकाराने दुःखद निधन.' खाली हात जोडलेली चित्रं आणि मग एकेकाचे शब्द... मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हसतमुख. दीड महिना झाला, ते शब्द अजून सलतात. खोटं त्यात काही नव्हतं. पण ती बाई शाळा सुटल्यावर रोज जे करायची, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडमना कॉम्प्युटरची फार आवड होती." उठून ओरडावंसं वाटलं. उठले नाही. त्याचाही राग आहेच.

भोकरदनच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते. नसरीन माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचे अब्बा लग्नातला बँड चालवायचे. "मोठा बाजा पहिले पोटात वाजायचा, ताई. कानात मंग," ती सांगायची. तो पोटातला आवाज तिनं पुढं कॉम्प्युटरवर शोधला. व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे, शंभर वाद्यांचा ताफा ती एकटी कळफलकावर एकेक करून बसवायची. सिनेमाच्या ट्रेलरला किंवा व्हिडिओ गेममधल्या लढायांना लागतं तसलं प्रचंड संगीत; ऐकताना वाटावं, सैन्य डोंगर उतरून येतंय. परदेशातली एक कंपनी ते विकत घेऊन आपल्या साठ्यात ठेवायची आणि ज्याला हवं तो त्यातून उचलायचा. करणाऱ्याचं नाव कुठंच यायचं नाही.

यावरून आमची भांडणं व्हायची. "अगं, लोकांना सांग तरी!" मी म्हणायचे. ती म्हणायची, "काय सांगू? भोकरदनची मास्तरीण लढाया करून राह्यली? हसतील, ताई." मी मोबाइलवर स्टाफरूममध्ये ऐकवलंही एकदा. मोबाइलच्या त्या एवढ्याशा स्पीकरमधून तिचं सगळं सैन्य डासासारखं गुणगुणलं. एकानं विचारलं, "रिंगटोन आहे का?" नसरीन हसली. मला हसता आलं नाही.

मग गेल्या वर्षी, एका मोठ्या लढाईच्या सिनेमाच्या ट्रेलरला तिचा तुकडा लागला. जालन्याच्या थिएटरमध्ये दुसऱ्या एका सिनेमाआधी तो ट्रेलर दाखवत होते. स्वतःचं काम तिनं तोवर फक्त हेडफोनमधून ऐकलं होतं. मोठ्या पडद्यासमोर, मोठ्या आवाजात एकदाही नाही. रविवारी आम्ही दोघी एसटीनं जालन्याला गेलो. बस वेळेवर पोचली, हे मुद्दाम लिहिते, कारण चूक बसची नव्हती. चूक माझी. भाच्याच्या लग्नातल्या साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस घ्यायचं होतं. "दहाच मिनटं," मी म्हणाले. नसरीन दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, दोनदा घड्याळ बघितलं.

आम्ही पोचलो तेव्हा दरवाजे लागले होते. दारावरचा माणूस म्हणाला, "या, या, पिक्चर आत्ताच सुरू झालं."

"अन् ट्रेलर?" तिनं विचारलं.

"ते तर झालं ना, मॅडम. त्या लढाईच्या पिक्चरचं म्यूजिक काय होतं राव, छाती हादरली बिलकुल!"

"खरंच हादरली?"

"आईशप्पथ!"

नसरीन इतकी खूश झाली की त्याला दोनदा शुक्रिया म्हणाली. तो बिचारा गोंधळला. परतीच्या बसमध्ये मी रडकुंडीला आले, तर तीच माझी समजूत घालत होती, "जाऊ द्या ना ताई, पुढच्या रविवारी येऊ." पुढच्या रविवारी तो ट्रेलर काढून टाकला होता.

ती गेल्यावर आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेले, अर्धवट राहिलेले तुकडे कुणाकडून तरी जपून ठेवता येतील म्हणून. तिच्या भावानं कॉम्प्युटर आदल्याच दिवशी पूर्ण कोरा केला होता. मुलीच्या अभ्यासाला पाहिजे होता. "त्यात काही होतं का, मॅडम?" त्यानं खरोखर विचारलं. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कंपनीला ईमेल केला, की निदान एका जागी तिचं नाव लिहा. नम्र उत्तर आलं... करारात तशी सोय नाही.

त्या दिवशी तिच्या घरून निघताना तिच्या अम्मींनी मला मागच्या खोलीत नेलं. चारही भिंतींवर गोधड्या ठोकलेल्या होत्या. आत पाऊल टाकताच बाहेरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज तुटला. फरशीवर खडूनं एक फुली काढलेली होती. अम्मी तिच्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"यहाँ खडा करके मेरेसे गवाती थी. चालीस-चालीस बार. बोलती थी, सबको मिलाके फौज बनाती मैं."

मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत अम्मींनी डोळे मिटले आणि एकच सूर लावला, "आ..." थरथरता, पण सरळ. तो लांबत गेला, श्वास संपत आला, गळ्याच्या शिरा ताणल्या, तरी त्या थांबेनात. शेवटी खोकला आला.

"वो हात नीचे करती थी," धापा टाकत त्या म्हणाल्या, "तब मैं चुप होती थी."

मी समोरच उभी होते. हात खाली करायला मला सुचलं नाही.