साळवे बाईंचा पाहुणा

साळवे बाईंसमोर हसायला बंदी नव्हती, पण हसलात तर कारण सांगावं लागे. वर्गात एखादं पोर फिस्सकन हसलं की बाई हातातला खडू खाली ठेवत आणि विचारत, "का हसलास? आम्हालाही सांग, सगळे हसू." कारण चांगलं निघालं तर स्वतः डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. पण कुणाच्या फाटक्या दप्तरावर किंवा कुणाच्या बोलीवर हसू आलं असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा धडा तिथेच राही आणि बाईंचा आवाज थेट स्टाफरूमपर्यंत येई. जामखेडच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. त्या नेहमी म्हणत, "शैलाबाई, विनोद म्हणजे चिमटा. ज्याला काढायचा त्यालाच बसला पाहिजे. शेजारच्याला बसला तर तो नुसता मार."

त्यांची 'पाहुणा कुणापैकी?' ही कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिला त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या ताऱ्यावरचा एक जीव घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उतरतो. दलाल आधी त्याचे दात बघतो. मग रुमालाखाली बोटं धरून सौदा करायला जातो, तर पाहुण्याच्या हाताला सात बोटं. भाव भलतीकडेच जातो. पाहुण्याच्या निळ्या कातडीचं, तीन डोळ्यांचं कुणालाच नवल नाही. गावापुढे प्रश्न एकच, हा कुणापैकी? आडनाव विचारलं तर तो शीळ घालतो. शिळेवरून जात कळेना. मग त्याला उतरवायचं कुठे, पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं, यावर ग्रामसभा बसते ती उठतच नाही. तोवर वस्तीवरची भागाबाई त्याच्या हातात भरलेला तांब्या देते आणि विचारते, "ल्येकरा, जेवलास का?"

लोकांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. एसटीत एकमेकांना वाचून दाखवलं. काष्टीहून एका वाचकाचा फोन आला, "बाई, ही आमच्याच गावची ग्रामसभा लिव्हली तुमी! तुमाला कुनी सांगितलं?" बाई फोन ठेवून मला म्हणाल्या, "सगळीच गावं हेच विचारतात. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

भागाबाई म्हणजे बाईंची आई. हे त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. "माय घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची. कुणाला दया आली तर वरून ओतणार. अन् तीच माय, दारात कुणी आलं की आधी पाणी द्यायची, मग नाव विचारायची. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, म्हणून मी लिहिलं."

सिनेमा करायला आलेला दिग्दर्शक तरुण होता, मुंबईचा. बाईंच्या घरी त्याने शेंगोळे मागून मागून खाल्ले. कॉलेजात असताना पुस्तक पाठ होतं म्हणाला. निघताना पाया पडला. "बाई, भागाबाईला मी धक्का लावणार नाही." बाईंनी करारावर सही केली. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगत होत्या, "पोरगं वाचलेलं हाय." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आज ते आठवलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिल्या खेळाला नगरला आम्ही सगळा स्टाफ गेलो. सिनेमातल्या पाहुण्याला आडनाव कुणीच विचारत नाही. तो थेट पुढाऱ्याच्या बंगल्यावर जातो, फेटा बांधतो, पुढाऱ्याच्या मुलीबरोबर नाचतो. ग्रामसभा नाही, पाण्याचं भांडं नाही. मग भागाबाई आली. तोंडाला काळं फासलेली, दात पुढे काढलेली. पाहुण्याला बघून "आगं बया, भूत आलं!" म्हणत पळते आणि शेणाच्या ढिगात तोंडघशी पडते. थिएटर हसून कोसळलं. ती पुन्हा आली, पुन्हा पडली. लोक पुन्हा हसले.

बाई उभ्या राहिल्या. अंधारात त्यांचा वर्गातला आवाज आला, "का हसलात?"

"ओ, खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मध्यंतरात त्यांनी दिग्दर्शकाला व्हरांड्यात गाठलं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, समजून घ्या. जातीबितीचं प्रेक्षकांना जड जातं. ही फॅमिली फिल्म आहे."

आनंद असो की राग, मनातलं बोलताना बाई गावच्या बोलीत उतरत. "अस्सं? मंग माझी माय कुनाच्या फॅमिलीत बसती, तेवढं सांग."

बाई दाराकडे चालू लागल्या. तेवढ्यात आत माईकवरून घोषणा झाली की, लेखिकेची तब्येत बरी नसल्यामुळे त्यांचा सत्कार नंतर घरी जाऊन केला जाईल. बाई तशाच मागे फिरल्या, स्टेजवर चढल्या आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला. "माझी तब्येत ठणठणीत हाय. ह्या पिक्चरची बिघडलीय. मी लिहिलेला विनोद तुमच्यावर हुता. ह्यांनी तो तुमच्यावरनं काढला आन् माझ्या मायवर टाकला. आता हसा." शाल घेऊन उभा असलेला माणूस तसाच उभा राहिला.

सिनेमा चांगला चालला. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर नाचणारा पाहुणा छापून आला. बाईंनी सिनेमातून आपलं नाव काढा म्हणून हरप्रकारे सांगितलं, कुणी काढलं नाही. उलट मुख्याध्यापकांनीच त्यांना सुनावलं, "जरा गोड बोलला असतात तर शाळेचंही नाव झालं असतं." बाजारात लोक "पिक्चरवाल्या बाई" म्हणून हाक मारत. दुसरी कादंबरी अर्धी लिहून झाली होती, ती तिथेच थांबली. मी विचारलं तर म्हणाल्या, "सुचतंय लई. पण कोण कशाला हसंल, ह्याचा भरवसा न्हाई राह्यला." गेल्या उन्हाळ्यात हृदयविकाराने त्या गेल्या. मला विचाराल तर अर्ध्या त्या आधीच गेल्या होत्या, आणि त्यांना कुणी घालवलं तेही मला माहीत आहे.

शाळेत शोकसभा झाली. सुरुवातीला पडद्यावर त्या सिनेमातलं गाणं लावलं, ते भाषणांच्या वेळीही आवाज बंद करून मागे चालूच ठेवलं. प्रमुख पाहुण्यांनी डोळे टिपत सांगितलं, "साळवे बाईंनी आपल्याला कुणालाही न दुखावणारा, निखळ विनोद दिला."

मी उठले. पुढे जाऊन आधी पडद्याच्या यंत्राची पिन काढली. म्हणाले, "बाईंनी दुखावण्यासाठीच लिहिलं होतं. तुम्हाला आणि मला." आणि ग्रामसभेचं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. कुणी हसलं नाही. काही माना खाली गेल्या. पुढच्या रांगेतले दोघे उठून बाहेर पडले.

मुख्याध्यापक जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "शैलाबाई, प्रसंग काय आणि तुम्ही वाचताय काय!"

"प्रसंग हाच आहे, सर," मी म्हणाले आणि पान उलटलं.