मामा गिऱ्हाईक होतात

पंचेचाळिशीच्या माणसाने आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करावा, यासारखं दमवणारं काम मला तरी दुसरं माहीत नाही. मोटर रिवाइंड करताना मी कधी इतका थकलो नव्हतो. "गुड मॉर्निंग सर, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा होल्डर..." एवढं म्हणून झालं की आरशातला माणूस माझ्याकडे असा बघायचा, की मी परत पहिल्यापासून सुरू करायचो. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, आणि डोळ्यांत झोप.

नाशिकजवळ अंबडला ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, त्यांनी मशिनं उचलून दुसऱ्या राज्यात नेली. मशिनं खोलून गाडीवर चढवायला आम्हीच होतो. शेवटच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स आणि अनुभवाचा दाखला हातात पडला, आणि तिथून पुढे माझे इंटरव्ह्यू सुरू झाले. सातपूर झालं, सिन्नर झालं. सगळीकडे चहा चांगला मिळाला.

त्या आठवड्यात माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक गुजरातेतली. तिथल्या कारखान्याने फोनवरच काम पक्कं केलं होतं, माझं जुनंच काम, मोटरी आणि पॅनल. मी शनिवारपर्यंत हो म्हणायचं होतं. दुसरी इथली, गंगापूर रोडच्या एका ऑफिसातली. कांदा साठवायच्या चाळीत हवा खेळती ठेवणारे पंखे आणि त्यांचं कंट्रोल पॅनल विकणारी कंपनी. जागा 'सेल्स इंजिनिअर'ची होती. दिवसभर तालुक्यांतून फिरायचं, पण रात्री घरी. मुलगी दहावीत होती. बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला होती आणि ती नोकरी सोडणं आम्हाला परवडणारं नव्हतं. म्हणजे गुजरातला गेलो तर एकटाच जाणार, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. गंगापूर रोडच्या शुक्रवारच्या इंटरव्ह्यूवर मी या घरात राहतो की नाही, हे अवलंबून होतं.

तयारीचं खातं मुलीने स्वतःकडे घेतलं. अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत ती खुर्चीवर मांडी घालून बसायची आणि मोबाइलमध्ये बघून विचारायची, "तुमचा वीक पॉइंट सांगा." मी म्हणायचो, "वजन." ती म्हणायची, "पप्पा, सीरियस." मग मी सीरियस व्हायचो. माझा वीक पॉइंट असा की मी काम अर्धवट सोडू शकत नाही, वगैरे. हे उत्तर मोबाइलमध्ये होतं. देशातल्या सगळ्या उमेदवारांचा वीक पॉइंट बहुधा तोच असावा.

टेक्निकलची मला काळजी नव्हती. पंखा किती हवा फेकतो, चाळीत ओल धरली तर सेन्सर काय करतो, सिंगल फेजवर काय चालेल, हे मी झोपेतही सांगितलं असतं. घोडं विकण्यापाशी अडत होतं. उभ्या आयुष्यात मी कुणाला काही विकलेलं नाही. जुनी स्कूटर विकायला काढली, तर येणाऱ्याला आधी तिचे दोष सांगितले आणि ती अजून पार्किंगमध्ये आहे. म्हणून रोज दुपारी सेल्स शिकवणारे व्हिडिओ बघायचो. कोरलेल्या दाढीचा एक तरुण त्यात ओरडून सांगायचा, की ग्राहकाचं 'नाही' म्हणजे नकार नव्हे, ते आमंत्रण आहे. त्याने कितीही नाही म्हटलं तरी जागा सोडायची नाही. बघताना मलाच त्या ग्राहकाची दया यायची.

बुधवारी नामपूरहून माझे सासरे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, डोळा दाखवायचा होता. मी त्यांना मामा म्हणतो. शांत माणूस. कांदा पिकवतात, स्वतःची चाळ आहे, आणि लेकीच्या घरी आले की शक्य तितकी कमी जागा व्यापून बसतात. माझी बडबड आतून ऐकून त्यांनी बायकोला अहिराणीत विचारलं, "कसानं पाठांतर चालू शे?" तिने सगळं सांगितलं. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "जावईबापू, गिऱ्हाईक पाहिजे ना? मी होतो. चाळ तर माझी हायेच."

मला वाटलं, याहून चांगला सराव कुठे मिळणार. समोर खरा कांदेवाला. मी घसा खाकरला, फाइल उघडली आणि सुरुवात केली. "नमस्कार काका, आमची यंत्रणा बसवली तर चाळीतला कांदा कमी सडतो..."

"बसवून टाका," मामा म्हणाले.

"मामा, असं नाही. अजून मी काही सांगितलंच नाही."

"तुम्ही सांगता म्हणजे चांगलंच असंल."

मी परत सुरू केलं. विजेचा खर्च सांगितला, गॅरंटी सांगितली. प्रत्येक वाक्याला मामा मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "एक नको, दोन बसवा. भावाच्या चाळीतही एक होईल." मुलगी तोंडावर वही धरून हसत होती. मी हात टेकले. "मामा, जरा नाही म्हणा. भाव करा. माझ्यावर ओरडा. तिथं समोरचा माणूस असा ऐकणार नाही."

मामा खरोखर अडचणीत आले. खुर्चीत इकडून तिकडे सरकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जावयाला तोंडावर नाय कसं म्हणायचं?" त्यांनी लेकीकडे बघितलं. "आपल्यात तसं नाय ना."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अण्णा, ते जावई नाहीत आता. नाशिकहून आलेला कुणीतरी माणूस आहे. तुम्ही ओळखत नाही त्याला."

हे त्यांना पटलं. ते जरा ताठ बसले आणि मी तिसऱ्यांदा सुरू केलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "बघू. हंगाम होऊ द्या. च्या घ्या तुम्ही."

"आता मी काय बोलायचं?" मी विचारलं. व्हिडिओतल्या तरुणाने दिलेली उत्तरांची यादी माझ्याकडे तयार होती.

"काय बोलणार? च्या प्यायचा आन उठायचं," मामा म्हणाले. "आमच्याकडं माणूस बघू म्हणला म्हणजे नाय म्हणला. तोंडावर नाय म्हणायची त्याला लाज वाटती. त्याच्यापुढं तुम्ही बसून राह्यले तर त्याला अजून लाज वाटती. मग पुढल्या टायमाला तुमची गाडी दिसली का तो मळ्यात निघून जाईल. उठून आले तर हंगाम झाल्यावर तोच फोन करंल."

मला हे इतकं पटलं, की कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. हे विकणं मला जमण्यासारखं होतं. यात कुणाच्या अंगावर जायचं नव्हतं.

शुक्रवारी गंगापूर रोडच्या त्या ऑफिसात दार काचेचं होतं आणि एसी इतका, की शर्टाच्या आतला घाम गार झाला. समोरचा साहेब तिशीतला असेल. मला 'सर' म्हणत होता. टेक्निकलचे त्याचे प्रश्न मी पटापट उरकले, एका ठिकाणी त्यांच्याच पॅनलमधली अर्थिंगची अडचण बोललो, तर त्याने ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं. आज रात्री घरी काहीतरी गोड न्यायचं.

मग तो खुर्चीत मागे रेलला. "आता मी सटाण्याचा शेतकरी. विका मला."

मी विकलं. बरं विकलं. त्याच्या चाळीची लांबी विचारली, पत्रा आहे की कौलं ते विचारलं. तोही रंगात आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "चांगलं आहे हो. बघू, पुढच्या आठवड्यात या."

मी फाइल मिटली, नमस्कार केला आणि उठलो.

"कुठे निघालात?"

"शेतकऱ्याने नाही म्हटलं," मी म्हणालो.

"नाही कुठे म्हटलं? बघू म्हटलं."

मी त्याला समजावलं. मामांचे शब्द माझ्या भाषेत सांगितले, लाजेचं सांगितलं, मळ्यात निघून जाण्याचं सांगितलं. तिथे मी बसायला हवं होतं. हसून म्हणायला हवं होतं, की काका, बघू कशाला, आत्ताच ठरवू. एवढंच त्याला हवं होतं, मला ते कळतही होतं. पण इंटरव्ह्यूंचा मला आलेला कंटाळा आणि मामांचा खरेपणा एकत्र झाले आणि मी वाद घालत बसलो. तो शांतपणे ऐकत होता. माणूस वाईट नव्हता.

"सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल," तो म्हणाला. "माझी आजीसुद्धा तिकडचीच. पण मला महिन्याचं टार्गेट आहे. बघू म्हटल्यावर उठणारा माणूस मला नाही चालणार." मग जरा थांबून म्हणाला, "सर्व्हिस डिपार्टमेंटला जागा निघाली असती तर तुम्हाला आत्ता घेतलं असतं." जागा निघालेली नव्हती.

जिना उतरताना मला रागही आला नाही. रस्त्यावर मोसंबीचा रस घेतला आणि तो संपेपर्यंत घरी काय सांगायचं ते ठरवलं.

दार मामांनीच उघडलं. बॅग भरून बसले होते, मला भेटून निघायचं म्हणून एक एसटी सोडली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. "माझं काही चुकलं का हो शिकवायला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही मामा. त्यांना लहान वयाचा पोरगा हवा होता," मी म्हणालो. हे खोटं मी विनासायास बोललो आणि मामांनी ते लगेच घेतलं.

त्यांना स्टँडवर सोडून आलो. बायको दवाखान्यातून आली होती, मुलगी पलंगावर भूगोलाचे नकाशे पसरून बसली होती. शनिवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी तिथेच, दोघींसमोर, गुजरातला फोन लावला आणि येतो म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस खूश झाला. माझं नाव, वय, रक्तगट विचारत हिंदीतून फॉर्म भरू लागला. मग म्हणाला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये खोली मिळेल, फॅमिली लिहू की बॅचलर?

मी बायकोकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता, तिने ऐकलं होतं. ती नकाशे गोळा करून पोरीच्या हातात देत होती. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"बॅचलर," मी म्हणालो.