करीचा आदला दिवस

शाळेचा शिपाई सुमनची बातमी घेऊन सकाळीच एकलहऱ्याला आमच्या क्वार्टरवर आला, तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. दोन दिवसांपूर्वी दवाखान्यात तिने माझा डबा न उघडताच परत पाठवला होता. "बाई, सुमनबाई पहाटे वारल्या," तो दारातच म्हणाला. मी त्याला आत बसवलं, चहा केला, त्यात साखर घालायला विसरले, आणि त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला. रडू फार उशिरा आलं… चाळिशी हे काय जायचं वय आहे?

सत्तरनंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत आम्ही दोघी नाशिकरोडच्या एकाच शाळेत लागलो. ती गणिताची, मी शास्त्राची. तारीख सांगा, वार सांगते, हा तिचा छंद. सातने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वार काढायचा. पोरं तिला भंडावून सोडत, शिक्षक मंडळी घरातल्या लग्नांच्या तारखा विचारत, आणि ती खडू न उचलता उत्तर देई. स्वतःच्या जन्माचा वार मात्र तिने कधी काढला नाही. दाखल्यावर एक जून होती, आमच्यातल्या निम्म्याअर्ध्या शिक्षकांची असते तशी. खरा जन्म संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा, करीचा, असं तिच्या घरचे सांगत. करीला कुणी शुभकार्य काढत नाही, आणि ही तर जन्मालाच आली. त्यात महिन्याभरात वडील तापाने गेले. झालं! करीची पोर, बापाला खाऊन बसली. दोनदा ठरत आलेलं लग्न एवढ्यावरून फिसकटलं. कुणाच्या बारशाला, ओटीभरणाला ती जायची नाही. "पेपर तपासायचेत गं," म्हणायची. गणिताच्या बाईने असलं खूळ डोक्यात बाळगावं याचा मला संताप यायचा.

मग शाळेत कॉम्प्युटर आला. खिडक्यांना जाड पडदे लागले, चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला, हेडसरांनी मशीनला हार घातला. सुमनने मान मोडून वारांचा प्रोग्राम लिहिला. आधी लीप वर्षातल्या जादा दिवसाने घोळ घातला आणि वार एकेकाने घसरले. तेही तिने निस्तरलं. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस टाकला, तर बरोब्बर शुक्रवार आला. मग काय, आपापले वाढदिवस घेऊन मुलांची रांग लागली.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघीच उरलो. ती खुर्चीतून उठली. "तू बस. स्वातंत्र्यानंतरची पहिली कर टाक. पंधरा जानेवारी."

"का? तुला तोंडी येत नाही?"

"येतं ना. म्हणूनच कधी केलं नाही. या मशीनला मी कोण ते ठाऊक नाही. त्याला करू दे."

सालाबद्दल शंका नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं बाळ, असं सारं गावच तिला म्हणायचं. आणि तिच्या आई, आमच्या मावशी, नेहमी एक आठवण सांगायच्या: सुमन झाली त्या दिवशी तिचे वडील नाशिकला गोदाघाटावरच्या बाजाराला गेले होते, ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन परतले तर घरात मुलगी! घाटावरचा बाजार बुधवारचा. मी आकडे टाकले. पडद्यावर गुरुवार आला.

म्हणजे कर गुरुवारी, आणि ही आदल्या दिवशीची, ऐन संक्रांतीची. वडील गेल्यावरच कुणीतरी तिला एका दिवसाने पुढे सरकवलं असणार. मी आनंदाने ओरडलेच. ती हसली नाही. पडद्याकडे बघत राहिली… "बुधवार," एवढंच म्हणाली.

उतावीळ मीच. तिला ओढत घरी नेलं आणि मावशींना सगळं सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"करीची नाय म्हणतेस?"

"नाही मावशी. संक्रांतीची आहे आपली सुमन."

"मग तिचा बाप कशानं गेला?"

तापाने, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते काय त्यांना ठाऊक नव्हतं? तरण्या वयात कपाळ पांढरं झालेल्या बाईने ज्या एका कारणाला धरून सारा जन्म काढला, तेच मी त्यांच्या हातून काढून घेत होते. सुमनने मेथीचं ताट स्वतःकडे ओढलं. खाली बघतच म्हणाली, "आई, मशीन नवं हाय, चुकतं अजून. मी करीचीच." मावशींनी पुन्हा मेथी निवडायला घेतली.

बाहेर आल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती म्हणाली, "मला कळलं, बास झालं. तिला या वयात दुसरं कारण कुठून आणून देऊ?" त्यानंतर दर संक्रांतीला संध्याकाळी ती आमच्याकडे यायची आणि मी तिच्यासाठी शिरा करायची. तिळगुळाच्या दिवशी शिरा कसला, असं आमचे हे विचारत. आम्ही दोघींनी दाद लागू दिली नाही. बारशांना मात्र ती शेवटपर्यंत गेली नाही. ते मला आजही सहन होत नाही.

तेरावा झाल्यावर मावशींकडे गेले. इतर बायका उठून गेल्या, तसा त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, खरं सांग. ते मशीन चुकलं व्हतं का?"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "चुकलं होतं, मावशी."

त्यांनी हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "ती बी अशीच खाली बघून बोलली व्हती."

परवा नवं कॅलेंडर आलं. यंदा संक्रांत शनिवारी आहे. इतकी वर्षं हे पान उलटून बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती. रवा आणून ठेवला आहे… त्या दिवशी शिऱ्याचा डबा घेऊन मावशींकडे जाईन. कशाचा, म्हणून त्या विचारणार नाहीत.